काळी साडी पांढरी आली

आधी माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून जिथे पडेल तिथे पडतं, आणि अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालून गेलेली. वही माझीच आहे, तरी मागते. कॅमेऱ्याच्या भानगडीपासून सवयच लागली आहे.

कॅमेरा धाकट्या जावेचा. लग्नात माहेरून मिळालेला. ती फोटो मोबाइलवरच काढते, म्हणून तो कपाटात पडून असायचा. मी मागून घ्यायची आणि दापोऱ्याच्या शेतात केळीचे फोटो काढायची. माणसांचे काढायला लाज वाटते. एकदा कार्ड बिघडलं आणि फोटो आडवे फाटून आले, अर्धं पान हिरवं, अर्धं जांभळं. दीर म्हणाले, पुसून टाका. मला ते इतके आवडले की पुसले नाहीत. तिथूनच डोक्यात किडा शिरला.

मग मोबाइलवर एक माणूस दिसला. कॅमेऱ्याच्या पोटातली निळसर काच काढून तिथे जुन्या रिळाचा काळा तुकडा लावला की डोळ्याला न दिसणारा उजेड फोटोत येतो आणि झाडं पांढरी दिसतात, असं तो सांगत होता. आमची बाग पांढरी कशी दिसेल, हे मला बघायचंच होतं. त्याचं दहा मिनिटांत झालं. मला तीन दुपारी लागल्या. मुंगीएवढे स्क्रू. फ्लॅशचा असा झटका बसला की कोपरापर्यंत हात बधिर. शेवटी एक स्क्रू उरला, तो कुठला ते अजून कळलेलं नाही. आणि काच निघताना तडकली. त्याची बरी नाही तडकली.

पण बाग आली. पानं पिठासारखी पांढरी, वर आभाळ काळं. मी बांधावर एकटीच हसत बसले. जावेला उद्या सांगू म्हटलं. उद्या, उद्या करत संक्रांत आली.

तिची लग्नानंतरची पहिली संक्रांत. काळी साडी, हलव्याचे दागिने. मी तिळगूळ वाटत होते, तेवढ्यात तिने, सणाचे फोटो चांगले यावेत म्हणून, कपाटातला कॅमेरा काढून शेजारच्या काकूंच्या हातात दिला. गच्चीवर भर ऊन, पडद्यावर काही दिसेना, काकू नुसतं बटण दाबत राहिल्या. एवढ्या बायकांसमोर माझं तोंड उघडलं नाही. ते कुठेच उघडत नाही.

खाली सावलीत येऊन फोटो पाहिले. काळी साडी पांढरी. कपाळावरचं कुंकू गायब. सासूबाईंनी कॅमेरा पालथा घालून ठेवला. तेव्हा मी सांगितलं की मी तो उघडला होता.

"ताई, सवाष्णीला पांढरं नेसवलंत," जाऊ रडत म्हणाली आणि रागात हिंदीवर गेली, "और वो भी पहली संक्रांत को."

तो रंगाचा नाही, उजेडाचा खेळ आहे, हे मी दोनदा समजावलं. कोण ऐकतं? राजपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने विचारलं, कोणी उघडला? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. तशी काच मिळणार नाही, नवीनच घ्या, म्हणाला. चार हजार. मी भरून देते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, जावाजावांत कसले पैसे. आणि आल्यागेल्याला मात्र सांगायच्या, आमच्याकडे एक इंजिनिअर आहे. जाऊ माझ्याशी कामापुरतं बोलायची. म्हणून भरायचेच ठरवले. कच्च्या केळ्यांचे वेफर तळून दुकानात दिले. तेलाच्या वासाने मला अजून शिसारी येते.

परवा शेवटचे पाचशे तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले, पुन्हा मोजले.

"झाले पुरे," ती म्हणाली. "ताई, आता तो बिघडलेला कॅमेरा भंगारात देऊन टाका."

"तो बिघडलेला नाही."

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाच वाटलं नव्हतं. तिने नोटा पर्समध्ये टाकल्या. मी कॅमेरा तिच्या कपाटातून काढून माझ्या कपाटात ठेवला.