आईचा केजन मसाला

आज मिक्सरचं झाकण उघडताच लसूण-मिरचीचा ठसका उठला आणि द्वारकेतलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. अमेरिकेहून आजारी होऊन परतलेला दादा काहीच खात नव्हता. "तिथला केजन मसाला लावलेला मासा खावासा वाटतो," एवढंच म्हणाला. आईने ते नावही कधी ऐकलं नव्हतं. दादाच्या बॅगेतली मसाल्याची रिकामी बाटली ती डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग तिने लाल मिरची, मिरी, वाळवलेला लसूण आणि कांदा कुटला, वर चिमूटभर ओवा टाकला.

पहिला घास घेऊन दादा म्हणाला, "आई, बिल्कुल तीच चव!"

तेव्हा मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. जन्मभर शाकाहारी असलेल्या आईने त्या दिवशी पहिल्यांदाच मासा हातात धरला होता, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.