कुंडलिकाचा मुका येळकोट

कुंडलिकाच्या आणि माझ्या रानात एकच बांध आहे आणि तरीही आमचं बोलणं आहे. आमच्या निरवांगी गावात हे नवल समजतात. श्रेय माझं. तो बोलतच नाही, सगळं मीच बोलतो, आणि भांडायला दोन तोंडं लागतात.

त्याचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. बापानं कळप विकून विहीर पाडली. कुंडलिकानं त्या विहिरीवर पेरूची बाग उभी केली. कोवळ्या पेरूला आधी फोमची जाळी, वर प्लास्टिकची पिशवी, असे एकेका फळाला कपडे घालत तो दिवस काढतो. मी म्हणायचो, "कुंडलिका, एवढं नटवून तर आमी पोरींची लग्नं न्हाय लावली." तो हसायचा, पण आवाज न करता. त्या घराचा नियमच तसा होता.

नियम वैष्णवीचा. वैष्णवी त्याची मुलगी, दहा-अकरा वर्षांची. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी 'स्वमग्नता' असं नाव सांगितलं. गावानं आपापल्या ऐपतीप्रमाणं दुसरी नावं ठेवली. ती दोन-चार शब्दांपलीकडं बोलत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही, आणि मोठा आवाज झाला की अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखी किंचाळते. धाकट्या पोराच्या इंग्रजी शाळेसाठी कुंडलिकाची बायको मोना बारामतीत खोली घेऊन राहते. आधी चौघंही गेली होती. पण वरच्या मजल्यावरचा मिक्सर वैष्णवीला सोसेना आणि वैष्णवी वरच्या मजल्याला सोसेना. मग वाटणी झाली. पोरगा आईकडं, पोरगी बापाकडं. भांडणतंटा काही नाही. मोना दर रविवारी यायची. पुढं पोराला रविवारचा क्लास लागला.

रानातल्या त्या घरात बाप-लेक दोघंच. बोलणं नाहीच. होती ती एक पूजा. दिवेलागणीला विहिरीवरची मोटार बंद करून कुंडलिक हातपाय धुवायचा आणि देव्हाऱ्यापुढं बसायचा. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देवांचे टाक, त्यात खंडोबा, म्हाळसा, बिरोबा आणि एक इतका झिजलेला की तो कोण हे आता त्यालाच माहीत. वैष्णवी ते ताम्हणात धुणार, पुसणार, ठरल्या ओळीत मांडणार आणि प्रत्येकाला चिमटीनं भंडारा लावणार. मग एक चिमूट स्वतःच्या मनगटाला आणि एक बापाच्या. आपण होऊन ती माणसाला हात लावायची, ती दिवसातली तेवढीच वेळ. कुंडलिकानं घंटीच्या लोलकाला चिंधी गुंडाळली होती, आणि येळकोट तो ओठातल्या ओठात म्हणायचा.

"अरं, देवाला ऐकू तरी जातंय का?" मी बांधावरून विचारायचो.

"जेजुरीत लई दंगा असतू, आण्णा. हितं आल्यावर जरा इसावा घिऊ दे त्याला."

एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

भावकीत त्याला आमंत्रण असायचं, पण तोंडदेखलं. पोरगी बँडला किंचाळते, मग कोण आग्रह करतो? चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरतात. ताम्हणात विड्याची पानं, खोबरं, भंडारा ठेवून पाच गड्यांनी ते येळकोट म्हणत उचलायचं. भावकी कुंडलिकाचा चुलतभाऊ बिरदेव याच्या घरी जमायची आणि तिथूनच पांगायची. कुंडलिक मात्र सडा टाकून, पाच माणसांपुरतं वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करून वाट बघायचा. दुसऱ्या दिवशी ते म्हैस खायची. मी त्याला म्हणालो होतो, "तुझी म्हस लई देवभोळी दिसती." त्या वेळी तो हसला नाही.

मग बिरदेवाच्या पोराचं, लखनचं लग्न झालं आणि त्याचं जागरण घातलं. जागरणात भंडारा उधळतात, आणि वैष्णवीला भंडाऱ्याचा पिवळा रंग फार आवडतो, म्हणून कुंडलिक तिला घेऊन गेला. मांडवाबाहेर, टेम्पोच्या आडोशाला बसला. वाघ्यानं दिमडीवर थाप मारली तशी पोरीनं कानांवर हात घेतले. आवाज चढला तशी ती पुढं-मागं झुलायला लागली आणि घशातून घुंऽऽ असा एकसुरी आवाज काढायला लागली. सोसेनासं झालं की ती असंच करते. कुंडलिक तिला उचलून निघणार, तोवर छबूबाईनं बघितलं.

छबूबाई म्हणजे आमच्या आळीचं आकाशवाणी केंद्र. ती धावत आली, पदर पसरला आणि म्हणाली, "बाया, पोरीच्या अंगात वारं आलंय."

झालं. बायांनी वैष्णवीचा मळवट भरला, खणानारळानं ओटी भरली. म्हाताऱ्याकोताऱ्या पाया पडल्या. छबूबाईनं सुनेला दिवस कधी जातील ते विचारलं. पोरगी म्हणाली, "बास." तिच्या मोजक्या शब्दांतला तो एक. छबूबाईनं त्याचा अर्थ लावला की आता वाट बघणं बास. आणि आईशप्पथ, दोन महिन्यांत सुनेला दिवस गेले.

त्यानंतर दर रविवारी कुंडलिकाच्या दारात चपलांचा ढीग. निमगावहून माणसं, इंदापूरहून जीपगाड्या. बिरदेव, जो वर्षानुवर्षं या वाटेला फिरकला नव्हता, तो दारात उभा राहून रांग लावायला लागला. मोनाही पोराचा क्लास बुडवून दर रविवारी यायला लागली. मी कुंडलिकाला चिडवायचो, "मठ बांध आता. मी पुजारी होतो. बोलायला तुला माणूस लागंलच." तो नवीन कपबश्यांचा सेट घेऊन आला होता. लोकांना चहा देताना तो पावसापाण्याचं, पेरूच्या बाजाराचं काहीबाही बोलायचा. बोलायचा, म्हणजे खरंच. मला वाटलं, या गड्याला आवाज आहे की.

एकदा मी विचारलं, "खरं सांग, तुला पटतंय का हे?"

त्यानं हातातला कप विसळून पालथा घातला. "घरात माणसं बोलत्यात, आण्णा. तेवढं बरं वाटतं."

मोनाचं मत तर रोखठोक होतं. "भावजी, लोकांनी यडी म्हणण्यापरीस देवी म्हणलेलं काय वाईट?" यावर मी आपला बशीतला चहा फुंकत बसलो.

पण पोरगी आटत चालली होती. रविवारी तिला खुर्चीवर बसवायचे, ती उठली की दोघी बाया खांदे धरून परत बसवायच्या. वारं येईना म्हणून कोणी तरी हलगी आणायला लागलं. हलगी वाजली की झुलणं हमखास. आधी ती रविवारीच देव्हाऱ्यापासून लांब राहायची. दसऱ्यापासून रोजच. दिवा लागला की ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन, गुडघ्यात डोकं घालून बसायची. देव म्हटलं की हलगी येते, असं तिच्या मनानं घेतलं असावं. मी एका संध्याकाळी पेंड उसनी मागायला गेलो तेव्हा कुंडलिक एकटाच देव्हाऱ्यापुढं होता. टाक त्यानंच धुतलेले, ओळ चुकलेली. डावा हात पुढं करून, मनगट वर करून तो बसून राहिला होता. मी पेंड न मागता परतलो.

चंपाषष्ठीला बिरदेव चार गडी घेऊन आला. सोबत छबूबाई, निम्मी आळी आणि हलगीवाला. कुंडलिकाच्या घरी तळीला पुरे पाच हात जमले होते. अंगणात सडा, चुलीवर भरीत, मोना नवी साडी नेसलेली. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात उभं होतं.

बिरदेव म्हणाला, "पोरीला आण. आधी वारं यिऊ दे, मग तळी उचलू."

कुंडलिक मोटारीच्या खोलीकडं गेला. बराच वेळ आला नाही. आला तो एकटाच.

"तळी उचलू, दादा," तो म्हणाला. "पण हलगी नको. येळकोटबी बारीक आवाजात म्हणू. तिच्या अंगात देव येत न्हाय. आवाजानं तिला तरास हुतो, म्हणून ती घुमती."

बिरदेवाचं तोंड उतरलं, मग तापलं. "एवढ्या लोकांनी पाय धरलं, ते काय येडे म्हणून? तू देवाला न्हाय म्हणतूयास."

"देवाला न्हाय. हलगीला."

छबूबाई पुढं आली. "मग माझ्या सुनंला दिस गेलं, ते कुणामुळं रं?"

"ते तुमच्या लेकाला इचारा, मावशे."

कुंडलिकानं आयुष्यात मारलेला हा एकुलता एक टोला. मी सोडून कोणी हसलं नाही, आणि मीही लगेच थांबलो. बिरदेवानं आपला नारळ उचलला. मुक्या तळीला हात लावणार नाही, म्हणाला. गडी त्याच्यामागं गेले, बाया गेल्या, हलगीवाला गेला. मोनानं भरीत झाकून ठेवलं, पोराचा हात धरला आणि पाचची एसटी गाठायला निघाली. जाताना तिनं मोटारीच्या खोलीकडं बघितलं, पण गेली नाही.

मी म्हणालो, "मला ऱ्हाऊ दे. पोरगी, तू अन् मी, तिघांची तळीबी चालती."

"नको, आण्णा. तुमी वराडल्याबिगर ऱ्हाणार न्हाय."

खरं होतं. मी घरी आलो.

पुढं त्या दारात कोणी गेलं नाही. छबूबाईच्या केंद्रावरून बातमी निघाली की कुंडलिकावर देव कोपणार. देव काही कोपला नाही, माणसं मात्र कोपली. बागेत गडी मिळेनात. मोना फोनवर पोरीची चौकशी करते, येत नाही. कपबश्या माळ्यावर गेल्या.

परवा बांधावर कुंडलिक भेटला. पेरूला पिशव्या चढवत होता. मी नेहमीसारखं काही तरी बरळायला तोंड उघडलं, तर तोच आधी बोलला.

"काल आली पूजेला."

"मग?"

"टाक धुतलं. वळीनं मांडलं. आपल्या मनगटाला लावला भंडारा."

"अन् तुझ्या?"

त्यानं हातातल्या पिशवीत पेरू घातला, तोंड नीट बांधलं. "देवापतूर आली, आण्णा. माझ्यापतूर यायला येळ लागंल."

मग तो पुढच्या झाडाकडं वळला. मी त्याच्या टोपलीतल्या चार पिशव्या घेतल्या आणि अलीकडच्या फांदीवरच्या पेरूंना बांधत बसलो. दोघांनीही तोंड उघडलं नाही.