आजऱ्याच्या काकांची ओपनिंग

जिल्ह्याच्या बुद्धिबळ संघात यायला मला शेवटच्या फेरीत अर्धा गुण हवा होता. बरोबरी झाली तरी भागत होतं. तीन वर्षं बँकेतून घरी आल्यावर कुकर लावून मी ओपनिंगची पुस्तकं घोकत होते, ती ह्याच्यासाठीच. कोल्हापुरातल्या त्या हॉलमध्ये समोर येऊन बसले आजऱ्याचे एक काका. साठीचे, काजूचा धंदा, आणि स्पर्धा आयुष्यातली पहिलीच, असं त्यांनीच सांगितलं. मी मनात म्हटलं, सुटले बाई.

पांढरी त्यांची. पहिली चाल, हत्तीपुढचं प्यादं एक घर. दुसरी चाल, पलीकडच्या हत्तीपुढचं प्यादं, तेही एकच घर. माझं डोकं भणभणलं. हे कुठल्या पुस्तकात आहे? सापळा आहे का? हे शिकवतं तरी कोण? वीस मिनिटं मी नुसती त्या दोन प्याद्यांकडं बघत बसले. सांगायला लाज वाटते, पण डावापेक्षा मला त्या सुरुवातीचीच जास्त ओढ लागली होती.

मग सावरले. त्यांचं एक प्यादं घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घराकडं निघालं, ते मी मुद्दाम जाऊ दिलं. तिथं पोचलं की त्याचा ते वजीर करणार, सगळेच करतात, आणि पुढच्याच चालीला मी मात देणार. काकांनी प्यादं सरकवलं आणि मेलेल्या सोंगट्यांतला घोडा उचलून तिथं ठेवला. माझ्या राजाला शह, आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात माझा वजीर. वजीर गेला, पाठोपाठ डावही गेला.

संघ हुकला म्हणून रडूच येत होतं, पण कुतूहल गप्प बसू देईना. बाहेर चहाच्या गाड्यावर काकांना गाठलं.

"काका, ती सुरुवात कुठल्या पुस्तकातली?"

"कसलं पुस्तक? आमच्यात प्यादं एकच घर चालतंय. दोन घरं टाकत्यात हे हितं आल्यावर बघितलं की."

"आणि वजीर सोडून घोडा का घेतलासा?"

"घोड्याच्या घरात गेलं तर घोडाच हुतोय. वजीर कसा हुईल?"

स्पर्धेत कुठल्याही घरात वजीर घेता येतो, असा नियम मी त्यांना समजावून सांगितला. काकांनी कप गाड्यावर ठेवला.

"व्हय? हे कुणी सांगितलंच न्हाय. म्हाईत असतं तर वजीरच घेतला असता की, मॅडम."