दुपट्याचं वजन

तो वजनकाटे दुरुस्त करायचा. बाजारात त्याला सगळे काटेवालेच म्हणत. किराणावाल्याचा असो, भंगारवाल्याचा असो की सोनाराचा, काटा रुसला की त्याच्या टेबलावर यायचा. टेबलाच्या खणात एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं. ती तो चिमट्यानंच उचलायचा. कुणी हौसेनं हात पुढे केला की म्हणायचा, "हात नको. बोटाचा घाम लागला तरी वजन खोटं होतं." बावीस वर्षांत त्यानं स्वतःही त्या वजनांना बोट लावलं नव्हतं.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, तीही सातव्या महिन्यात. अकराशे वीस ग्रॅम. डॉक्टरांनी आकडा सांगितला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पेटीतली तीन वजनं आली: एक किलोचं, शंभराचं आणि विसाचं. स्वतःचीच लाज वाटली त्याला, पण वजनं आठवली खरी.

त्याची आई नातीला पावशेर म्हणायला लागली. "पावशेर आहे, पण तोरा बघा. अख्खं हॉस्पिटल कामाला लावलंय," असं ती शेजारणींना सांगायची आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून यायची.

वीस दिवस झाले, मुलगी काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, पायाला पट्टी, पट्टीची वायर मॉनिटरच्या पडद्याला. पडद्यावर ऑक्सिजनचे आणि ठोक्यांचे आकडे सारखे हलायचे. पेटीला दोन गोल खिडक्या होत्या. एकीतून हात घालून बायको दिवसभर स्टुलावर बसून असायची. मोठ्या सिस्टरनी तिला शिकवलं होतं, कुरवाळायचं नाही, एवढ्या पातळ कातडीला ते सोसत नाही. तळहात नुसता ठेवायचा, जराही न हलवता.

काटेवाल्यानं एकदाही हात आत घातला नव्हता. दुकानात त्यानं आपला हात काट्यावर सैल टाकून पाहिला होता. तीनशे नव्वद ग्रॅम भरला. पोरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बापाचा नुसता पंजा. मग गिऱ्हाईक नसलं की तो काट्यावर हात ठेवायचा आणि खांद्यातून उचलून धरायचा, आकडा खाली येईपर्यंत. चाळीस. वीस. एकदा पाच ग्रॅमवर आणून त्यानं शंभरापर्यंत मोजलं. दंड भरून आला.

"बाबा, या की. मुलीला बापाचाही हात कळू दे," सिस्टर म्हणायच्या.

"उद्या," तो म्हणायचा.

"तुमचा उद्या उजाडेपर्यंत पोरगी शाळेत जाईल."

तो हसायचा आणि काचेबाहेर उभा राहायचा.

तिथला नियम होता, वजन बाराशे झालं की बाळ रोज तासभर आईच्या छातीशी द्यायचं. बायको त्या बाराशेवर जगत होती. आकडा आधी घसरत एक हजार दहावर गेला, मग रोज दहा-पंधरानं चढत अकराशे पन्नासवर आला. एकविसाव्या दिवशी सकाळी सिस्टरनी मुलीला दुपट्यासकट काट्यावर ठेवलं, दुपट्याचे नेहमीचे तीस ग्रॅम वजा केले आणि म्हणाल्या, "बाराशे पाच. आई, उद्या अकरा वाजता तयार राहा."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. वीस दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सुटला होता.

काटेवाला मात्र काट्याकडे बघत होता. एका रात्रीत पंचावन्न ग्रॅम? काटा चोख होता, त्याचे पायही नीट टेकलेले होते. मग त्याची नजर दुपट्यावर गेली. दुपटं हॉस्पिटलचं नव्हतं. हॉस्पिटलमधली कमी पडतात म्हणून सिस्टरनी घरून दोन मागवली होती, ती आईनं जुन्या मऊ चादरीतून शिवली होती आणि त्यातलं एक आजच आलं होतं.

संध्याकाळी त्यानं घरात राहिलेलं दुसरं दुपटं दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. अठ्ठ्याहत्तर ग्रॅम.

घरी आल्यावर त्यानं आईला विचारलं, "दोन पदरी शिवलंस का गं?"

"चार पदरी. एवढीशी पोर, गारठेल. का?"

"वजन केलं त्याचं."

"आता आजीची मायासुद्धा तोलायला लागलास?" आई म्हणाली.

अठ्ठेचाळीस ग्रॅम खोटे. पोर खरं तर अकराशे सत्तावन्नची. बायकोला सांगायला त्यानं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? अठ्ठेचाळीस ग्रॅमनी बाजारात कुणाचं घर बुडत नाही. पण पोरीचं औषध वजनावर ठरत होतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि बाराशेचा नियम कुणी उगाच केला नसणार.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा अकराला पाच कमी होते. बायको खुर्चीत बसली होती, कोपरापर्यंत हात धुऊन, शर्टाची बटणं सोडून, वरून टॉवेल घेऊन. सिस्टर पेटीची कडी काढत होत्या.

"सिस्टर, कालचं वजन खोटं आहे," तो म्हणाला.

त्यानं दुपट्याचं सगळं सांगितलं. सिस्टरनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग मुलीला उघडीच पटकन काट्यावर ठेवून उचललं. अकराशे एकसष्ट. त्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. "औषधाचं बरं झालं सांगितलंत ते, बदलतील आता. चूक आमची, कापड बघायला हवं होतं." मग बायकोकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आई, अजून तीन-चार दिवस."

बायको एकेक बटण लावू लागली. शेवटचं काही केल्या लागेना.

"काटा खरा ठरला ना तुमचा? झालं तर मग."

"अगं, औषध वजनावर..."

"माहितीय मला." तिनं टॉवेलाची घडी घातली. "आजचा एक तास मिळाला असता. उद्या सांगितलं असतंत."

पडद्यावरचे आकडे हलत राहिले.

"आज तुम्ही घाला हात," ती म्हणाली. "माझ्यानं आज होणार नाही."

"माझा हात जड आहे गं."

"मग उचलून धरा."

त्यानं दोनदा हात धुतले. गोल खिडकीतून पंजा आत नेला, मुलीच्या पाठीवर आणला, खांद्यातून तोलला आणि टेकवला. पाच ग्रॅमच असतील. पाठ ऊन होती, आणि हातावर घाम आला होता. तो काही थांबवता येत नव्हता.

मुलगी हलली नाही. दंड भरून आला, मग मुंग्या आल्या.

"बास आता, बाबा. हळूच काढा," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं हात केसभर उचलला. मुलीचे दोन्ही हात दचकून हवेत पसरले, तोंड वाकडं झालं आणि पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरू लागला. त्यानं हात पुन्हा टेकवला. आकडा सावकाश वर आला.

ठेवायचा सराव त्यानं कितीतरी दिवस केला होता. काढायचा केलाच नव्हता.

"ही काढू देत नाही," तो म्हणाला.

बायकोनं स्टूल ओढून त्याच्यामागे आणलं आणि त्याच्या कोपराखाली आपला हात दिला. अजूनही ती त्याच्याकडे बघत नव्हती.