सुदृढ बालकाचा कप

आमच्या घाटकोपरच्या घरात टीव्हीच्या वरच्या कप्प्यात एक पितळी कप आहे. क्रिकेटचा नाही, कॅरमचाही नाही. तो मी नऊ महिन्यांचा असताना जिंकलाय, आणि तेही नुसता बसून. चाळीच्या माघी गणपतीत सुदृढ बालक स्पर्धा व्हायची, तिच्यात माझा पहिला नंबर आला होता. शेजारी फोटो आहे. गालांमुळे डोळे दिसत नाहीत, मनगटावर दोरा आवळल्यासारख्या वळ्या, आणि मांडीवर कप. त्यानंतर मी आयुष्यात कशातच पहिला आलो नाही. म्हणून आई तो कप इतकी वर्षं चिंच लावून घासते, आणि घरी कोणी आलं की चहाच्या आधी कप दाखवते.

आता मी चाळिशी ओलांडली. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली. रिपोर्ट दुसऱ्या कोणाचा असणार म्हणून मी लॅबवाल्याशी कडकडून भांडलो. त्याने पुन्हा रक्त काढलं, तर आकडा आणखी वर.

आई म्हणाली, "नजर लागली तुला."

"चाळीस वर्षांनी?"

"नजरेला काय टाइम असतो?"

डॉक्टरांनी भात एक छोटी वाटी सांगितला. आईने मान डोलावली आणि वाटी न मोजता वाढलं. ताटात काही उरलं तर "संपव, दोन घास राहिलेत" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. मी संपवतो. पोट भरलं की थांबायचं असतं, हे मला कोणी शिकवलंच नाही यार.

अशात आम्हाला उशिरा मुलगी झाली. पोरगी झकास. हसरी, चपळ, पण अंगाने शिडशिडीत. आईला ते बघवेना. "चेडवाची हाडां दिसतत," असं ती दिवसातून दहादा म्हणायची. चिडली की आईच्या तोंडात मालवणी येते. बायकोची रजा संपली आणि ती अंधेरीच्या ऑफिसात परत जायला लागली. तिथे दुपारी एका छोट्या खोलीत बसून ती पंपाने दूध काढते, बर्फाच्या पिशवीत ठेवते आणि संध्याकाळी मेट्रोने घरी आणते. दुसऱ्या दिवशी आई तेच दूध पोरीला वाटी-चमच्याने पाजते, मधल्या वेळी मऊ भात, केळं. पण आईचं सगळं लक्ष एका गोष्टीवर. वरून थोडी डब्यातली दुधाची पावडर द्यायची, चमचाभर साखर घालून, म्हणजे पोर कशी "भरेल". मी असाच डब्यावर भरलो होतो.

शेवटी मी आईला मुलांच्या डॉक्टरणीकडेच घेऊन गेलो. बाई तरुण, पण आवाजाने खणखणीत. तिने वजनाचा तक्ता काढून दाखवला. पोरीची रेघ तिच्या हिशोबाने नीट वर चढत होती. म्हणाली, "आजी, हिला साखर नको. आईचं दूध पिणारं मूल भूक भागली की तोंड फिरवतं. बाटलीला आपण संपव संपव करतो, आणि पोटाचं ऐकायची सवय मोडते. पहिल्या वर्षात भराभर चढलेलं वजन पुढे जड जाऊ शकतं. स्थूलपणा, साखर, असं."

मी लगेच विचारलं, "म्हणजे माझी शुगर डब्यातून आली?"

"असं कोणीच सांगू शकणार नाही," ती म्हणाली. "तो एक धागा. घराणं आहे, बसून काम आहे, खाणं आहे, झोप आहे. आणि डबा काही विष नाही. गरज असेल तिथे तोच पोर वाचवतो."

हे दुसरं अर्धं मी एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. पहिलं अर्धं मात्र घट्ट धरलं. सोयीचं होतं ना!

त्या माघात चाळीच्या गणपती मंडळाच्या सेक्रेटरीला जुनी स्पर्धा परत सुरू करायची हुक्की आली. आणि परीक्षक कोण? डॉक्टरीणबाई आणि "माजी विजेते" म्हणून मी. हार, नारळ, खुर्ची. मी नवा शर्ट घातला, बायकोने तो पोटावर ताणलेला बघून तोंड दाबून हसून घेतलं.

मंडपात पोरांची रांग लागली, आणि बघतो तर काय, रांगेत आई! कडेवर आमची मुलगी. आम्हाला न सांगता नाव दिलेलं. पोरीच्या पायात चांदीचे जाडजूड वाळे, हातात कडी, कमरेला करगोटा, आणि ओठांना केळं लागलेलं. म्हणजे वजनाच्या आधी दाबून भरवलेलं. मी डोक्याला हात लावला. काट्याजवळच्या कार्यकर्तीने सांगितलं, "आजी, दागिने काढा."

"का? ते पण तिचेच आहेत!"

मंडप हसला. दागिने उतरले, पोर काट्यावर बसली आणि तेवढ्यात गुळणी करून केळंही परत केलं. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मग माझ्या हातात माइक आला. माइक हातात आला की माणसाची अक्कल कुठे जाते देव जाणे. मी म्हणालो, "मी ह्या स्पर्धेचा माजी विजेता! तेव्हा कप मिळाला, आता रोज दोन गोळ्या मिळतात. आईने डब्यांवर डबे फोडून भरवलं, त्याचं हे गोड फळ!"

लोक खो खो हसले. मी पण हसलो. मग आईकडे नजर गेली. ती हसत नव्हती. पोरीला खांद्यावर घेऊन ती खाली बघत मंडपातून बाहेर पडली. बक्षीस डॉक्टरणीने सगळ्या पोरांना वाटून टाकलं, वेळेवर लसी घेतल्याबद्दल. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

घरी आई गप्प. भांडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस तिने मला "जेवलास काय?" विचारलं नाही. ताटात भात अगदी थोडा वाढायची आणि "संपव" म्हणायची नाही. आपल्या घरात आपल्याच आईने पाहुण्यासारखं वाढलं की घास उतरत नाही. माझी वाट लागली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बायको ऑफिसातून आली आणि पिशवीतून दुधाच्या बाटल्या काढून फ्रिजमध्ये ठेवायला लागली. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. मी बाहेरच्या खोलीत पोरीला घेऊन बसलो होतो.

"एवढं सगळं टिकतं?" आईने विचारलं.

"हो आई. उद्या तुम्ही पाजालच की."

मग आई म्हणाली, "माझं पण होतं गो. भरपूर होतं. ह्याच्या बाबांची गिरणी बंद पडलेली, मी अंधेरीला एमआयडीसीत पॅकिंगला. कायम नव्हते, मग रजा कसली? हा दोन महिन्यांचा, आणि मी कामावर. दुपारी छाती दगडासारखी व्हायची. संडासात जाऊन पिळायचे आणि बेसिनमध्ये सोडून द्यायचे. नळ चालू करायचे, म्हणजे दिसायला नको. महिन्याभरात आटलं."

बायको हातातली बाटली तशीच धरून उभी राहिली असणार, कारण फ्रिजचं दार लागल्याचा आवाज आला नाही.

"चाळीतल्या बाया म्हणायच्या, पोर उपाशी ठेवून पैसे कमवते. मग डबा आणला. घातला चमच्यावर चमचा. कप मिळाला तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. त्या दिवशी ते ह्याचं वजन करत नव्हते गो. माझं करत होते."

मला रडूच फुटलं. लाज काय त्यात, फुटलं. पोरीला कडेवर घेऊन मी तसाच आत गेलो.

"आई, चुकलं माझं."

"तुझं काय चुकलं? डॉक्टरीणच म्हणाली."

"डॉक्टरीण अर्धं वेगळं पण म्हणाली होती. आजोबांना शुगर होती, ती तू दिलीस काय? मी वीस वर्षं खुर्चीत बसलो, स्टेशनबाहेर वडापाव हाणले. डब्याने नाही हाणले."

आईने पदराने डोळे पुसले आणि एकदम उसळली, "मेल्या, मग एवढा मोठा माइक हातात होता, तेव्हा हे बोलायला तोंडात काय कोंबलं होतंस?"

ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग रविवार आला. आई पोरीला भरवत होती. वाटीत दोन चमचे उरले आणि पोरीने तोंड फिरवलं. आईचा हात चमच्यासकट पुढे गेला, हवेत थांबला. "बरं बाये, भरलं तुझं पोट," म्हणून तिने वाटी खाली ठेवली. मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो.

मग आमची पानं वाढायला घेतली. आई बाहेरच्या खोलीत गेली, टीव्हीवरचा कप काढून आणला, चिंचेने घासला, धुतला, आणि भाताच्या टोपात घातला. माझ्या ताटात तो उलटा करून ठोकला. मूद पडली.

"आजपासून तुझं माप हेच," ती म्हणाली. "एक कप. मागून मिळायचा नाही."

तेव्हापासून तेच चाललंय. त्या कपात भात फार मावत नाही. पण आई तो अंगठ्याने दाबून दाबून भरते.