पिंपातले कोकम

आमच्या घरात तीन पिढ्या काजूची दारू गाळली गेली. दोडामार्गाजवळ आमची परवान्याची भट्टी होती. दारूबंदी आली तेव्हा सरकारी माणसे तांब्याचे भांडे घेऊन गेली आणि वडील चार महिने अंगणात नुसते बसून राहिले. पुढे आम्ही सोड्याचे जुने, हाताने फिरवायचे यंत्र आणले. कोकमाचा पाक घातलेला गोटी सोडा विकायचे ठरले. परवाना देताना साहेबांनी स्पष्ट सांगितले की तुम्ही जुने दारूवाले. एका बाटलीला जरी दारूचा वास आला तरी परवाना गेला.

पहिली विक्री शेजारच्या गावच्या जत्रेत होती. आदल्या दिवशी आम्ही तीस डझन बाटल्या भरल्या. मी दोनदा मोजल्या, तीनशे साठ. हुरुपाने मला जेवण गेले नाही.

सकाळी वडिलांनी पहिली बाटली फोडून सुनेच्या हातात दिली. आमचे लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता. बायको मालवणची. तिने बाटली तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली.

"मामांनू, ह्येका सोऱ्याचो वास येता."

"खंय?" वडिलांनी बाटली हुंगली. "माका तर कायच येणा नाय."

मलाही दारूचा वास येत नव्हता. वडील हसून म्हणाले, मालवणच्या माणसांना बांगड्याशिवाय कसला वास ठाऊक?

"बांगडो ताजो की शिळो ता वासानच कळता, मामांनू," ती म्हणाली.

मला बोलण्यापेक्षा मोजलेले पटते. बहुतेक पाक आजोबांच्या वेळच्या दारूच्या लाकडी पिंपात साठवला होता. ते पिंप आम्ही गरम पाण्याने सात वेळा धुतले होते. थोडा पाक चिनीमातीच्या दोन बरण्यांत होता. मी सहा पेले मांडले, तीन पिंपातले, तीन बरणीतले, बुडाला चुन्याची खूण. तिने सहाही ओळखले. जागा बदलून पुन्हा मांडले, पुन्हा सहा. तिसऱ्यांदा वडिलांनी स्वतः मांडले आणि गुपचूप सगळे पिंपातलेच ठेवले. तिने एकेक हुंगला आणि सहाही वासाचे म्हणून बाजूला सारले.

जन्मल्यापासून त्या वासात राहून आमची नाके त्याला मेली होती, हे तेव्हा कळले.

वडील उठले आणि बाटल्या माडाच्या बुंध्याशी ओतू लागले. गाडी दुपारी दोनला निघणार होती, हातात सहा तास होते. ते धूत होते, ती भरत होती, मी चाक फिरवत होतो. बरणीतल्या पाकात अकरा डझन झाल्या. पाक संपल्यावर पुढच्या बाटल्यांत लिंबू आणि मीठ. दोनला दहा मिनिटे कमी असताना सत्तावीस डझन तयार होत्या. माझे खांदे भरून आले होते आणि मी इतका खूश कधी नव्हतो.

जत्रेत पहिले गिऱ्हाईक हवालदार. त्याने बाटली फोडली, वास घेतला, पुन्हा घेतला. वडिलांनी माझे मनगट घट्ट धरले. हवालदार एका दमात प्यायला आणि म्हणाला, "आणखी एक. ही लाल बाटलीच द्या."

दिवे लागायच्या आत लाल बाटल्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी पिंप स्वतःच्या हाताने फोडले. फळ्या पाक आटवायच्या चुलीत घालू, म्हणाले. सुनेने एक फळी उचलून हुंगली, "ह्येचो वास पाकाक लागतलो," म्हणाली आणि नकारार्थी मान हलवली. फळ्या तशाच राहिल्या. अजून गोठ्यामागे आहेत.