ताईची पुसलेली फाइल
सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तेव्हा एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मधल्या गोलात आपलं नाव लिहायचं आणि आयुष्यात जे करायचं ते भोवती फांद्यांसारखं जोडत जायचं. आष्ट्याहून मी आणि थोरली ताई एसटीनं यायचो. फ्लॉपी दोघांत एकच होती. ताईनं दोन आठवडे खपून आपले बेत मांडले. मी माझे तिच्याच फाइलच्या नावानं सेव्ह केले. जुनी फाइल पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलंही होतं. मी न वाचताच एंटर दाबलं.

"असू दे रं, माज्या ध्यानात हाय सगळं," ताई म्हणाली.

महिन्याभरात तिचं लग्न ठरलं, क्लास सुटला. माझे बहुतेक बेत पुढं पार पडले. तिचे काय होते, हे विचारायला अजून माझी जीभ रेटत नाही.